मालकांची विलायती मंडळी

सोलापुरात मी पहिल्यांदा खोली बघायला गेले तेव्हा मालकांनी पगार विचारला नाही, लग्नाचं विचारलं नाही, एकटी बाई पाळ्यांची नोकरी करते म्हटल्यावर लोक जसं तोंड करतात तसंही केलं नाही. ओट्यावर मांडी घालून कोथिंबिरीची देठं निवडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मांजर आननार न्हाई न्हवं?"

"मला मांजर आवडत नाही," मी म्हटलं.

"आवडूच ने," मालक म्हणाले. "किल्ली घ्या."

एवढ्यावर माडीवरची खोली ठरली. मी बार्शीची, टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचा सुमार असेल, दुष्काळ नुकताच सरला होता. दिवसभर कानाला हेडफोन लावून परक्या माणसांचे ट्रंककॉल जोडायचे आणि घरी येऊन गप्प पडायचं, एवढंच मला हवं होतं. पहिल्याच संध्याकाळी अंगणातून असा काही कल्ला उठला की स्टोव्हवरचा चहा तसाच टाकून मी बाहेर पळाले. अंगणाच्या कडेला पत्र्याची शेड होती, तिच्यात जाळीचे पिंजरे, आणि मालक भाजीची पिशवी घेऊन तिकडे निघालेले. पिशवीचा कागद जरा कुठे वाजला की आतली सगळी मंडळी तारस्वरात शिट्ट्या घालायची. मंडळी म्हणजे गिनिपिग. पांढरे, तांबूस, काळे, कुणाच्या डोळ्यावर डाग तर कुणाच्या डोक्यावर भोवरा. शेपूट कुणालाच नाही.

गल्लीत त्यांना विलायती घुशी म्हणत. मालकांसमोर मात्र तो शब्द काढायची सोय नव्हती. एकदा दूधवाला चुकून बोलून गेला, तर दुसऱ्या दिवसापासून दारात दुसरा दूधवाला. उंदीर म्हणणाऱ्याला जरा दयामाया होती. त्याला फक्त चहा मिळत नसे.

मालक लिंगायत, भुसार मालाचे जुने व्यापारी. कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, अंगात बिनबाह्यांची बंडी. दुकान मुलाच्या हवाली केलं होतं आणि स्वतः पूर्णवेळ मंडळींच्या सेवेत. आमच्याशी मराठी, भाजीवाल्याशी दखनी आणि गिनिपिगांशी कानडी बोलायचे. मंडळी मुळात आली कुठून, याच्या त्यांच्याकडे निरनिराळ्या कहाण्या होत्या. आवडत्या माणसाला सांगत, कुठल्याशा प्रयोगशाळेत सुया टोचायला आणलेली जोडी मी हातापाया पडून सोडवली. नावडत्याला सांगत, विकत घेतली. आणि जो फारच डोक्यात जाईल त्याला सांगत, "वर बसलेल्यानं पाठवली, तुमाला पाठवलं तसंच." मला त्यांनी सुरुवातीला विकत घेतल्याचं सांगितलं होतं. सुटका केल्याची कहाणी ऐकायला पुढे बरेच महिने लागले.

माणूस हट्टी होता, तऱ्हेवाईक होता, आणि मला अतोनात आवडायचा. दिवाळीत गल्लीतल्या पोरांचे सगळे सुतळी बॉम्ब लाडवांच्या बदल्यात गोळा करायचे आणि पोरांच्या देखत बादलीत बुडवायचे, मंडळींच्या काळजाला धक्का नको म्हणून. भाड्याच्या खोलीत खिळा ठोकायचा तर आधी कळवायचं. मी यायच्या आधी, दुष्काळात माणसांना पाला मिळेना तेव्हा हे मंडईच्या मागे जाऊन मुळ्याचा पाला, गाजराचे शेंडे, कोथिंबिरीची देठं धुंडत होते. लोक हसले, काही जण चिडलेसुद्धा. मालकांचं उत्तर तयार होतं, "तुमच्या ताटातलं काडलं का मी? तुमी टाकलेलंच उचलतो की." रोज हिरवं मिळालं नाही तर यांचे सांधे धरतात, दात हलतात, हे ते प्रत्येकाला ऐकवत. आवळ्याच्या दिवसांत आवळ्याची फोड, एरवी पेरूचा तुकडा. कोबी बेतानं, पोट फुगतं. बटाट्याची सालं अजिबात नाहीत. कोवळी ज्वारी दिलीत तर माझ्या दारात उभं राहायचं नाही.

मंडळी विकत मिळत नसे. मालक ती 'द्यायचे', आणि तेही बघण्याचा कार्यक्रम करून. विनोद नाही, खरंच सांगते. कुणी गिनिपिग मागितला की मालक आधी त्याला शेडपाशी बसवून निवडायचं कसं ते दाखवत. "हात आत घाला. जे जरा पळतं ते चांगलं. जे बसून ऱ्हातं ते गरीब न्हवं, आजारी हाय." मग डोळे बघायचे, पाणावलेले नकोत. नाक कोरडं हवं. पोटाखाली केस गळलेले नकोत. पुढचे दात सरळ हवेत. मानगुटीला धरून उचलायचं नाही, एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली. एकटं कधी न्यायचं नाही, एकटं गिनिपिग झुरतं. नवख्याला नर-मादी द्यायची नाही, दोन बहिणी नाहीतर दोन भाऊ. एवढं सगळं पाठ झालं की मालक आपणहून मागणाऱ्याच्या घरी जात. घर बघत, माणसं बघत, आणि उठताना म्हणत, "कळवतो."

एक बडे वकील मोटार घेऊन आले होते, मुलाच्या वाढदिवसाला जोडी हवी म्हणून. गल्लीत मोटार आली म्हणून आम्ही सगळे दारांत. मुलानं आत हात घालून एका पिल्लाला मानगुटीला धरून वर काढलं. मालकांनी ते पिल्लू हळूच सोडवून घेतलं, परत ठेवलं, आणि वकिलांना म्हणाले, "साहेब, याला लाकडी घोडा घ्या. त्याला मान दुकत न्हाई." वकील तावातावानं निघून गेले. मालकांच्या मुलानं, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणत असू, कपाळावर हात मारला, कारण दुकानाचं एक प्रकरण त्याच वकिलांकडे होतं.

मला जोडी हवी होती. का, ते सरळ सांगते. खोलीत परत आल्यावर कुलूप उघडलं की आत काही हलत नाही, याचा मला वैताग आला होता. बार्शीला आई-वडिलांनी माझ्यासाठी स्थळं आणून आणून हात टेकले होते. मी बघण्याच्या कार्यक्रमांना इतकी विटले होते की बदली मागून सोलापूर गाठलं. आणि इथे मालक माझ्या खोलीत खुर्चीवर येऊन बसले, इकडेतिकडे बघायला लागले आणि विचारू लागले. स्टोव्ह कुठे ठेवता? रॉकेलचा वास किती वेळ राहतो? कामावर गेल्यावर खिडकी उघडी असते का? भाजीची टोपली त्यांनी स्वतः उचलून बघितली आणि तळाशी सुकलेली भेंडी सापडल्यावर "हं" म्हणाले. मग खिडकीशी गेले.

"मावळतीची खिडकी. दुपारचं ऊन थेट आत येनार. सोलापूरचं ऊन हाय बाई, बार्शीचं न्हवं." आणि दारातून म्हणाले, "कळवतो."

मी पेटले. मला नापसंत करणारे तोवर बरेच होऊन गेले होते, पण विलायती उंदरांसाठी नापसंत व्हायची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी बाजारातून वाळ्याचा पडदा आणला, खिडकीला लावला, पाणी मारलं आणि मालकांना दंडाला धरल्यासारखं वर बोलावलं. त्यांनी पडद्याला हात लावून बघितला, भिंतीला लावून बघितला. मग माझ्याकडे बघून हसले.

"एवढा राग हाय म्हंजे सांबाळनार तुमी," म्हणाले.

श्रावणात त्यांनी मला जोडी दिली. दोघी बहिणी, असं स्वतः पारखून सांगितलं. माझ्या पदरात मूठभर गव्हाचा कोंडा घातला, ओटी भरावी तसा, आणि दर नागपंचमीला दोघींना माहेरी आणायचं असं बजावलं. मी एकीचं नाव काशी ठेवलं, दुसरीचं गंगा.

आता मुख्य गोष्टीवर येते. दसऱ्याच्या सुमाराला काशी फुगायला लागली. मला वाटलं कोंडा जास्त होतोय. एका सकाळी बघते तर खोक्यात तीन पिल्लं, डोळे उघडे, अंगभर केस, जन्मल्या जन्मल्या चालायला तयार. म्हणजे गंगा बाप झाली होती.

मी खाली जाऊन सांगितल्यावर मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "न्हाई व्हायचं," ते म्हणाले. "माज्या हातनं दोगी भनी गेल्या. आजवर एकदाबी चुकलो न्हाई मी."

"मग पिल्लं काय रिकामी खोली बघून आली?"

"तुमच्या हितं भाईरनं कोन आलं ते तुमी बगा."

मी एकटी राहणारी बाई, आणि माझ्या गिनिपिगांच्या चालीवर हा माणूस संशय घेतोय. मला हसू आवरेना, आणि रागही आवरेना. मी त्यांना वर नेलं आणि गंगा हातात दिली. मालकांनी तिला उलटी केली, नाकाशी धरली, लांब धरली, परत नाकाशी आणली. मग बोटानं चाचपायला लागले. तेव्हा माझं हसू गेलं. पाण्याची वाटी ठेवताना ते बोट बुडवून पाणी कुठवर आलं ते बघायचे, माझ्याशी बोलताना माझ्या खांद्यापलीकडे बघायचे, हे मला रोज दिसत होतं आणि मी तो त्यांचा स्वभाव समजत होते.

"मालक," मी म्हटलं, "तुम्हाला दिसत नाही."

ते बराच वेळ गंगाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "उजव्यानं न्हाई. डाव्यानं धुकं दिसतं," म्हणाले. मग घाईनं, "दादाला सांगू नका."

दादा वाईट नव्हता. बापाचं सगळं करायचा, वकिलांची मनधरणीसुद्धा त्यानंच केली. पण त्याला शेडच्या जागी भाड्यानं द्यायला खोली बांधायची होती. बापलेकांचं आपसांत ठरलं होतं, मालकांना जोवर स्वतः सगळं करता येईल तोवर मंडळी राहील. दिसेनासं झालं की देऊन टाकायची. मालकांनी तसा शब्द दिला होता आणि हा माणूस शब्द मोडणारा नव्हता. शब्द न मोडता तो टाळायचा कसा, एवढंच चाललं होतं.

ऑपरेशन करा, म्हणून मी त्यांच्या मागे लागले. मोतीबिंदू आहे, काढता येतो, डोळे परत येतील. तर म्हणाले थंडीत मंडळीला पिल्लं असतात. मग म्हणाले संक्रांत होऊ दे. मग म्हणाले शिवरात्र. खरी भीती वेगळी होती. तेव्हा ऑपरेशन झालं की दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधून उताणं पाडून ठेवत, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही. तेवढे दिवस शेडकडे कोण बघणार? आणि शेडमध्ये थोरली होती.

थोरली म्हणजे पहिल्या पिढीतली शेवटची. पांढरी, एका डोळ्याभोवती तांबूस डाग. म्हातारी झालेली, अंगावर हाडं लागत. मालकीणबाई शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळल्या तेव्हा या थोरलीला उशाशी घेऊन हातानं पाला भरवायच्या. बायकोबद्दल मालक माझ्याशी कधी एक वाक्य बोलले नाहीत. थोरलीबद्दल रोज बोलायचे.

शिवरात्र झाली आणि डोळा लाल होऊन ठणकायला लागला. आता मात्र दादाला कळलं. डॉक्टरांनी बजावलं, आणखी थांबलात तर डोळा हातचा जाईल. मालक म्हणाले, तयार आहे, पण मंडळी कुणाच्या हाती द्यायची ते मी ठरवणार, आणि ती नीट सांभाळली गेली तर शेड मोडायची नाही. दादानं, कंटाळून असेल, पण कबूल केलं.

मग मालकांनी माणसं बघायला सुरुवात केली. ओट्यावर बसून एकेकाची परीक्षा. दुकानातला हमाल नापास, तंबाखू खातो. शेजारचे गुरुजी नापास, दुपारी झोपतात. स्वतःचा मुलगा तर परीक्षेला बसूच दिला नाही. घरात सून होती, ती कधी गणतीतच आली नाही.

वहिनी अक्कलकोटकडची, माहेर कानडी. अंगणात पापड वाळत घालता घालता हे सगळं ऐकत असायची. एकदा माझ्याशी हळूच म्हणाली, "ताई, मला मामांनी इचारलंबी न्हाई हो."

मी मालकांना जाऊन विचारलं. उगाच मनात ठेवायची मला सवय नाही.

"तिला त्या घुशीच वाटत्यात," मालक म्हणाले. तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. "लगीन करून आली तवा उंबऱ्यावरचं माप लवंडायला पाय उचलला, आनि पायावरनं एक पिल्लू गेलं. अशी किंचाळली की माप तिकडं भिंतीला. घरात पयलं पाऊल, आनि माज्या मंडळीला बगून किंचाळली."

"नवी नवरी होती ती. तुम्ही तिच्या जागी असता तर घागर घेऊन विहिरीत पडला असता."

"असंन. पर मला इसरता येत न्हाई."

शेवटी पास झाले ती मी. माझी पाळी सकाळची लावून घेतली होती, दुपार उतरल्यावर घरी. मालकांनी दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मला शेडमध्ये उभं करून सगळं पाठ म्हणायला लावलं. पाणी कधी, पाला किती, गोणपाट कधी भिजवायचं, खाली आडव्या ठेवलेल्या फुटक्या माठांवर पाणी कसं शिंपडायचं. दुसऱ्या दिवशी निघताना थोरलीच्या पाठीवर हात ठेवून कानडीत काहीतरी बोलले आणि दादानं आणलेल्या सायकलरिक्षात बसले.

ऊन म्हणजे काय ते त्या वर्षी मला कळलं. चैत्रातच वैशाख आला. मालकांनी एक गोष्ट विचारात घेतली नव्हती, आणि मीही नाही. खरं मरण दुपारी असतं, आणि दुपारी मी एक्स्चेंजात. पहिल्याच दिवशी धावत घरी आले तर गोणपाट ओलंगच्च, माठांखाली चिखल, आणि शेडच्या कोपऱ्यात पाटावर वहिनी बसलेली, हातात पंखा.

"बाराला एकदा भिजवलं, मंग सुकलं, मंग परत," ती म्हणाली. "लई तापतंय हो हितं. ह्यांना बोलता येत न्हाई."

"वहिनी, भीती नाही वाटत?"

"वाटती की. पर कुनीतरी बसाया पायजे."

त्या दिवसापासून दुपार वहिनीची झाली. सैपाक लवकर उरकून ती शेडमध्ये येऊन बसे. आधी पाला लांबून टाकायची, मग हातानं द्यायला लागली, मग एक दिवस बघते तर मांडीवर दोन पिल्लं आणि ती त्यांना कानडीत रागावतेय. मी दवाखान्यात मालकांना भेटायला जायचे. पट्ट्या बांधून उताणे पडलेले, तरी पहिला प्रश्न मंडळीचा. मी सांगायचे, सगळं ठीक. वहिनीचं नाव घ्यायचं नाही असं तिनंच मला शपथ घालून सांगितलं होतं. "मामांच्या जिवाला घोर नगं," म्हणायची.

आणि मग ती दुपार आली. वारा सुटला होता, भट्टीच्या तोंडातून यावा तसा. मी घरी पोचले तेव्हा वहिनी शेडच्या दारात मातीत बसलेली, पदरात थोरली. गेली होती. वहिनीनं तिला ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं, तोंडात थेंब थेंब पाणी सोडत होती. पण म्हातारं जनावर, ते ऊन त्याला सोसलं नाही.

"आता जन्मात माज्याशी बोलनार न्हाईत," वहिनी म्हणाली. "शेड जाईल. ते म्हनतील, किंचाळली होती तीच ही." आणि अशी रडली की मला तिच्याजवळ नुसतं बसून राहावं लागलं.

अंगणातल्या कडुलिंबाखाली आम्ही थोरलीला पुरलं. माती लोटून झाल्यावर वहिनी उठली, डोळे पुसले आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "ताई, तुमच्याकडची ती एक हाय न्हवं, डोळ्यावर डागवाली?"

होती. काशीच्या तीन पिल्लांतली एक, थोरलीचीच पणती असेल. अगदी तसाच तांबूस डाग, फक्त अंगानं भरलेली. मला ती तिघांत जास्त आवडायची. मी एक क्षण विचार केला आणि वर जाऊन तिला घेऊन आले. खोटेपणा झाला म्हणणारे म्हणोत. पट्ट्या बांधून पडलेल्या माणसाला मी ती बातमी सांगणार नव्हते, आणि वहिनीला त्या मातीत तसंच बसलेलं ठेवणारही नव्हते. आज विचाराल तरी मी तेच करीन.

मालक घरी आले ते अजून पट्टीतच. चष्मा यायला वेळ होता. ओट्यावर बसवल्या बसवल्या म्हणाले, "थोरलीला आना."

वहिनीच्या हातात ती होतीच. मी खुणेनं म्हटलं, मी देते. तिनं मान हलवली आणि स्वतः पुढे होऊन मालकांच्या मांडीवर ठेवली. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. मालकांनी पाठीवरून हात फिरवला. मानेवरून, कानांवरून, परत पाठीवरून.

"तब्बेत सुदारली हिची," मालक म्हणाले. "ठेवा आत. ऊन लागंल."

नंतर रोज ते तिला मांडीवर घेत आणि गप्प बसत. पूर्वीसारखं कानडी बोलत नसत. मी मनाची समजूत घातली, की अशक्तपणा असेल. वहिनीचं जेवण कमी झालं होतं. एकदा म्हणाली, चष्मा आला की सगळं दिसेल हो ताई. मीही तेच मोजत होते.

चष्मा आला. जाडजूड भिंगांचा. दादानं मालकांना चढवला, त्यांनी ओट्यावरून अंगण बघितलं, कडुलिंब बघितला, आम्हाला एकेकाला बघितलं आणि उठून सरळ शेडकडे चालायला लागले. पिशवी न वाजवता गेले, म्हणून मंडळी ओरडलीसुद्धा नाही. मी मागे, वहिनी माझ्या मागे. मालकांनी डागवालीला बाहेर काढली, उजेडाला धरली. बघत राहिले. मग मान वळवली, माझ्याकडे नाही, वहिनीकडे.

"हिचं नाव काय ठिवलंस?" त्यांनी विचारलं.

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी मध्ये तोंड घालणार तोच मालकांनी हात वर करून मला थांबवलं.

"न्हाई ठिवलं," वहिनी कशीबशी म्हणाली.

"मग ठेव. तुज्या हातची हाय, तूच नाव ठिवायचं." मालक खाली पाटावर बसले. "थोरलीच्या डाव्या कानाला चीर व्हती. बोट लावलं की कळायची. हिचे कान साबूत हायती. मांडीवर ठिवलीस त्याच दिवशी कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?" हे मी. मला राहवलं नाही.

मालकांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "मांडीवर ठिवताना हिचा हात थरथरत व्हता. आवंढा गिळत व्हती. बाई, पट्टी माज्या डोळ्याला व्हती, कानाला न्हवती." मग जरा थांबून वहिनीला म्हणाले, "दुपारचं हितं बसत हुतीस म्हनं. दादानं सांगितलं. उनात."

वहिनीचे डोळे वाहत होते.

"मी तुला एकदाबी इचारलं न्हाई," मालक म्हणाले. "माजंच चुकलं." मग हातातलं जनावर त्यांनी पुढे केलं, दोन्ही हातांनी, आणि म्हणाले, "बारव्वा. घे."

ये गं बाई, एवढाच त्याचा अर्थ. पण मालक तसं फक्त मंडळीला म्हणायचे. वहिनी पुढे झाली, त्यांच्यासमोर खाली बसली आणि डागवालीला पदरात घेतलं. पुढचं सगळं कानडीत चाललं. मला एक अक्षर कळत नव्हतं. कुणी काय विचारलं, कुणी काय सांगितलं, वहिनी थोरलीच्या त्या दुपारबद्दल बोलत होती की आणखी कशाबद्दल, मला माहीत नाही.

"बाई," मालक मध्येच मराठीत म्हणाले, "तुमी जरा भाईर थांबता का?"

एरवी कुणी मला असं बाहेर काढलं असतं तर मी त्याला चांगलं सुनावलं असतं. त्या दिवशी मुकाट्यानं अंगणात येऊन उभी राहिले, आणि आत वहिनी सासऱ्यासमोर मोठ्यानं हसली ते मला बाहेर ऐकू आलं.